लवॉनचं टपाल

आमची टपालपेटी घरापासून लांब, खडीच्या रस्त्याला लागून, एका लाकडी खांबावर आहे. रस्त्यावरचं बर्फ ढकलणारी गाडी दर हिवाळ्यात एकदा तरी तिला धडक देते, आणि माझा नवरा ऑरिन ती एकही शिवी न देता सरळ करतो. दुपारी टपालवाला डेल येतो, गाडीच्या खिडकीतूनच हात काढून पेटीत टपाल कोंबतो आणि निघून जातो. मग मी बूट चढवून निघते. मिनेसोटाच्या थंडीत तेवढं चालणंही जिवावर येतं, पण ऑरिनच्या आधी पेटी मला उघडायची असते. कारण त्यातलं बहुतेक टपाल लवॉनचं असायचं.

लवॉन ही ऑरिनची पहिली बायको. ती जाऊन सहा वर्षं झाली, मला या घरात येऊन चार. पण बुटांच्या कंपनीला, लोकरवाल्यांना, बियाणंवाल्यांना ते कुणी कळवलंच नव्हतं. गुळगुळीत कॅटलॉगवर ठसठशीत छापलेलं असायचं, ‘लवॉन ट्वेट किंवा सध्याचे रहिवासी’. त्यातली सध्याची रहिवासी म्हणजे मी. ना नाव, ना गाव. माझ्या, म्हणजे आर्डिसच्या, नावानं महिन्याला एकच गोष्ट यायची, गोधड्यांच्या कापडाचा कॅटलॉग. तोही मीच मागवलेला.

मी मत्सरी आहे. लोक आडून सुचवतात, मी सरळ सांगते. मेलेल्या बाईचा कसला हेवा करतेस, असं माझी सख्खी बहीण म्हणते. तिनं एकदा येऊन ऑरिनला लवॉनचा बियाण्यांचा कॅटलॉग वाचताना बघावं. जिभेला बोट लावून एकेक पान उलटतो. टोमॅटोच्या चित्राशी थांबतो. मी समोर कॉफी आदळली तरी मान वर होत नाही. जिन्यापाशी तिचा फोटो आहे, हिरव्या कोटातला. तो काढ म्हणून मी कधी सांगितलं नाही. त्याला स्वतःला सुचतंय का, याची वाट बघत बसले. आणि गावातल्या बायका तर काय! “लवॉन होती तेव्हा ऑरिनचं हसणं आमच्या अंगणापर्यंत यायचं गं,” असं मला, माझ्या तोंडावर सांगतात. माझ्याशीही हसतो तो, नाही असं नाही. ओठ मिटून, पाहुण्यांशी हसावं तसं.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात जमणाऱ्या आम्हा बायकांसमोर मार्व्हल नुटसननं नवी टूम काढली. घरी येणारा जाहिरातींचा सगळा कागद दर महिन्याला आणायचा आणि बटाट्यांच्या वजनकाट्यावर ठेवायचा. ज्या घरचा ढीग हलका, त्या घराला टाळ्या. “बसायचं आणि एकेका कंपनीला फोन करायचा. आमचं नाव काढा म्हणायचं. झाडं वाचतील, बायांनो!” पहिल्याच खेपेला माझा ढीग सगळ्यांत जड निघाला. मार्व्हलनं वरचा कॅटलॉग उचलला, नाव वाचलं आणि तिचा चेहरा मऊ झाला.

“अगंबाई, लवॉन! अजून येतं तिचं? गुणाची होती बिचारी.”

“येतं की,” मी म्हटलं. “आता नाही येणार.”

सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणीतरी माझ्या ताटलीत लिंबाच्या वडीचा आणखी एक तुकडा ठेवला. सवतीचं नाव पुसायचं आणि वर झाडं वाचवल्याची शाबासकी घ्यायची, मला आणखी काय हवं होतं?

बुटांच्या कंपनीपासून सुरुवात केली. फोनवरच्या मुलीनं विचारलं, “नाव का काढायचंय, मॅडम? त्या वारल्या का?”

वारली म्हटलं असतं तर ही पोरगी हळहळली असती. लवॉनच्या वाट्याला आणखी एकीची हळहळ मला नको होती.

“ती आता इथं राहत नाही,” मी म्हणाले.

बुटांचा कॅटलॉग यायचा बंद झाला. मग मागच्या दारातलं पायपुसणं दुपारचं ओलं दिसायला लागलं. माझे बूट पुढच्या दाराशी, ऑरिनचे शेडमध्ये. आणि पायपुसण्यावर बर्फाचा चुरा वितळत असायचा, बाईच्या लहान पावलांच्या आकारात.

“छप्पर गळत असेल,” ऑरिन म्हणाला. शिडी लावून वर जाऊनही आला. छप्पर कोरडं ठणठणीत होतं.

नाताळानंतर लोकरवाल्यांचं बंद झालं. एका सकाळी ऑरिन करडा स्वेटर घालून खाली आला. त्याच्या कोपराला मोठं भोक होतं, ते शिवते शिवते म्हणत मी दोन हिवाळे घालवले होते.

“वा, काय छान भरलंस गं,” तो कोपर पुढे करून म्हणाला.

मी बघितलं. शिवलेलं नव्हतं. टाक्यात टाका घालून विणून काढलेलं होतं, मूळचं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते बोटालाही कळू नये इतकं. मला सुई-दोरा येतो. विणता येत नाही.

“मी नाही केलं.”

“मग काय उंदरांनी केलं?” त्यानं ओठ मिटून हसून घेतलं. दिवसभर मात्र मधूनमधून तो कोपर चाचपत होता.

मला भीती वाटली का? आधी राग आला. माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या स्वेटरला हात लावायची हिंमत कुणाची? त्याच तिरीमिरीत मी बियाणंवाल्यांना फोन लावला. तो मी शेवटी ठेवला होता, कारण त्या कॅटलॉगची ऑरिन वाट बघतो. “ती आता इथं राहत नाही,” मी म्हणाले, आणि म्हणताना माझा आवाज जरा चढलाच.

फेब्रुवारीत तो स्वतः चालत पेटीपर्यंत जायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा. तक्रार नाही, चौकशी नाही. फक्त कॉफीचा आणखी एक कप प्यायचा. मला वाटलं, चार दिवसांत विसरेल.

मग एकदा त्यानं मला तळघरातून हाक मारली. मी खाली गेले. ट्यूबलाइटखाली टोमॅटोच्या रोपांचे ट्रे मांडून ठेवले होते. बोटभर उंचीची रोपं, ताजी ओली माती, आणि तो टोमॅटोच्या पानांचा तिखटसर वास. रोपं इतकी वाढायला कितीतरी दिवस लागतात. आदल्याच दिवशी मी तिथून लोणच्याची बरणी आणली होती, तेव्हा फळी रिकामी होती.

“आर्डिस,” तो म्हणाला, “तू लावलीस?”

चार वर्षांत त्यानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मी काय करायला हवं होतं?

“हो,” मी म्हणाले.

त्यानं माझ्या कपाळावर ओठ टेकले. आणि त्याच वेळी माझ्या मागे, जिन्याच्या बाजूला, कुणीतरी हलकेच श्वास सोडला. मी मागे वळले नाही. ते चुंबन माझं होतं, मी ते अर्ध्यात सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी पेटीपाशी डेलची गाडी गाठली.

“या बाई! बऱ्या आहात ना?” त्यानं काच खाली केली. “हल्ली दिसत नाही तुम्ही.”

“रोज तर येते मी.”

“नाही हो, मी यायच्या वेळेला. खांबाशी उभ्या असायच्या ना, त्या हिरव्या कोटात? वारा असो, बर्फ असो. मी लांबूनच हात करायचो. म्हटलं आजारी पडलात की काय.”

डेलला या रस्त्यावर दोनच वर्षं झालीत. लवॉनला त्यानं कधी बघितलेलं नाही.

“कधीपासून दिसले नाही मी?”

“तुमचं टपाल आटलं तेव्हापासून.” तो हसला. “बरोबरच आहे म्हणा. न्यायलाच काही नसेल, तर थंडीत उभं कशाला राहायचं?”

तो गेला. मी घराकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत माझी पावलं मंदावली.

ती परत खांबाशी जाऊन उभी राहावी म्हणून त्याच दुपारी मी तिन्ही कंपन्यांना फोन केले. लवॉन ट्वेटचं नाव परत घाला, म्हटलं. सगळे कॅटलॉग पाठवा, जाड जाड पाठवा. त्यांनी घातलं. पहिला कॅटलॉग यायला सहा-आठ आठवडे लागतील, म्हणाले.

एप्रिलमध्ये चर्चच्या काट्यावर ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मार्व्हलनं माझा हात धरून वर केला.

“शून्य! शिका जरा हिच्याकडून. ना लवॉनचं, ना हिचं स्वतःचं!”

टाळ्या पडल्या. मी पण हसले. मग माझ्या लक्षात आलं, माझ्या कापडाचा कॅटलॉग बरेच दिवस आला नव्हता.

घरी आले. ऑरिन रोपांना पाणी घालायला तळघरात उतरत होता, हातात झारी. मी वर शिवणाच्या खोलीत गेले, दार लावलं आणि कापडवाल्यांना फोन केला.

“आर्डिस ट्वेट?” पलीकडची बाई म्हणाली. “हो, ते नाव आम्ही काढलंय, मॅडम. तुमच्याच घरून एका बाईंचा फोन आला होता.”

“काय म्हणाली ती?”

“झाडं वाचवायची आहेत म्हणाल्या. मी विचारलं, आर्डिसबाईंना काही झालं का? तर म्हणाल्या, नाही, ती आता इथं राहत नाही.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“चूक झाली का, मॅडम? मला शंकाच आली नाही हो. इतक्या गोड बोलत होत्या. आणि मागे त्यांचे यजमान एवढे मोठ्यानं हसत होते, मलाच हसू फुटलं.”

मी फोन ठेवला.

खाली झारी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

मग ऑरिन हसला.

तळघरातून, दोन जिने चढून, बंद दारातून ते हसणं माझ्यापर्यंत आलं. बायका खोटं सांगत नव्हत्या. अंगण ओलांडून जाईल असंच होतं.

चार वर्षं मी त्या हसण्याची वाट बघितली. काय सुंदर हसतो तो.