मंगळवारचं गिऱ्हाईक

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मला वाद घालायचा नाही.

मार्लिस हॉगन माझी शेजारीण आहे. बावीस वर्षांची ओळख, आणि ही बाई थापा मारणाऱ्यांतली नाही. तिनं सांगितलं तसंच सांगते.

फेब्रुवारी २०११. अमेरिकेतलं डुलुथ शहर. मंगळवार.

रात्र नव्हे... लख्ख दुपार. अडीच वाजलेले.

मार्लिस कापडाच्या दुकानात कामाला होती. कापड कापायचं टेबल तिचं. नवऱ्याला, रॉयला, कॅन्सर. त्याच्या औषधपाण्याचा विमा हिच्या नोकरीतून. नोकरी गेली की विमा गेला. एवढं ध्यानात ठेवा.

दर मंगळवारी अडीचला युनिस टॉर्विक यायची. सत्तरी ओलांडलेली विधवा. काठी टेकत, तोंडात पेपरमिंटची गोळी घोळवत. गोधडीसाठी वार-दोन वार कापड घ्यायची आणि तासभर बोलत बसायची.

मार्लिस तिच्यासाठी मापाच्या चार बोटं पुढे कात्री लावायची. नेमकं मोजून दिलं तर गोधडी पुरत नाही, असं मार्लिसची आई सांगायची. वर युनिसला हळूच सांगायची, "आज नका घेऊ. शनिवारी निम्म्या भावात मिळेल."

"गुडघा काय म्हणतोय गं?" युनिस विचारायची.

"बोंबलतोय. टेबलामागे स्टूल दडवलंय मी. साहेबांना सांगू नका."

"मी कशाला सांगते?"

दोन वर्षं हे चाललं. नाताळात मार्लिसनं तिला लिंबाच्या वड्यासुद्धा करून दिल्या.

जानेवारीत मॅनेजर ड्वेननं मार्लिसला आत बोलावलं. टेबलावर कागदांची चळत होती.

"कंपनी तपासणीसाठी गिऱ्हाईक बनवून माणसं पाठवते," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे ते."

माहीत होतं. पण ती माणसं वर्षातून एकदा येतात, अनोळखी असतात, असंच सगळ्या धरून चालल्या होत्या.

मार्लिस वाचायला लागली. चार बोटं जास्त कापड. शनिवारचा भाव. टेबलामागचं स्टूल. लिंबाच्या वड्यासुद्धा... 'गिऱ्हाइकाशी गरजेपेक्षा जास्त सलगी.'

केसानं गळा कापला होता युनिसनं.

"आणखी एक वाईट अहवाल आला तर माझ्या हातात काही उरणार नाही," ड्वेन म्हणाला. "दारातून माणूस आला की दहा सेकंदांत स्वागत. विसरू नका."

पुढच्या मंगळवारी तोंडावर विचारायचं, असं मार्लिसनं ठरवलं. युनिस आलीच नाही. शुक्रवारच्या पेपरात, निधनवार्तेत, तिचा फोटो होता. आदल्या रविवारीच झोपेत गेली होती.

मार्लिस अंत्यविधीला गेली नाही. "विचारायचं राहून गेलं," एवढंच मला म्हणाली.

आणि मग तो फेब्रुवारीतला मंगळवार.

दाराची घंटा वाजली... दार उघडलं...

कुणीच नव्हतं.

टक... टक... टक...

पेपरमिंटचा वास.

आवाज टेबलापाशी येऊन थांबला. बाहेर घोटाभर बर्फ होतं. आत येणाऱ्याच्या बुटांचे ओले डाग पडायला हवे होते.

फरशी कोरडी होती.

मार्लिस हातात कात्री धरून उभी राहिली. 

शुक्रवारी ड्वेननं पुन्हा बोलावलं. "मंगळवारी अडीचला कोण आलं होतं?"

"कुणीच नाही."

त्यानं कागद वाचून दाखवला. 'दहा सेकंदांत स्वागत नाही. कात्री धरून माझ्याकडे नुसती बघत राहिली.'

दोघांनी कॅमेरा बघितला. दार उघडतं... मिटतं. टेबलापाशी एकटी मार्लिस, रिकाम्या जागेकडे बघत.

ड्वेनचा चेहरा उतरला. कागदाची घडी घालत तो म्हणाला, "हा अहवाल मी दाबून ठेवतो. पुढचा नाही दाबता येणार. मंगळवारी तेवढं बोला, मार्लिस. कुणी असो, नसो."

मंगळवारी घंटा वाजली. मार्लिसला डोळ्यांसमोर रॉय दिसत होता, त्याच्या उशाशी औषधांची रांग दिसत होती.

"या, स्वागत आहे," ती हवेला म्हणाली. "आज काय शिवताय?"

तिनं दोन वार कापड कापून टेबलावर ठेवलं. बरोब्बर मापात. एक धागा जास्त नाही.

अहवालात पैकीच्या पैकी मार्क. फक्त शेवटच्या प्रश्नापुढे वेगळं होतं. 'तुम्ही आल्याचा तिला आनंद झाला का?'

'नाही. पूर्वी व्हायचा.'

"माझ्या जिवावर उठली," मार्लिस मला म्हणाली, "आणि वर हिला माझा आनंदही हवाय." रडत होती ती. बाई गेली याचं दुःख तिला धड करताही येत नव्हतं.

असे चौदा मंगळवार गेले. मग रॉय गेला. मार्लिसनं त्याच आठवड्यात कात्री खाली ठेवली, नोकरी सोडली.

संपलं, असं मलाही वाटलं होतं.

गेल्या मंगळवारी मी तिच्याकडे कॉफी प्यायला गेले होते. घड्याळ मी बघितलं नव्हतं. गप्पा चालल्या होत्या, आणि मागचं दार हळूच उघडलं...

वारा नव्हता. मी दाराकडे बघत राहिले.

मार्लिसनं मानही वर केली नाही. "या, स्वागत आहे," म्हणाली.

मग माझ्याकडे झुकून, अगदी हळू आवाजात, "असं का केलंत, एवढं एकदा विचारायचंय गं. पण तेही लिहून घेईल ती."

पेपरमिंटचा वास आला... मी कप तसाच ठेवून घरी निघून आले.

उद्या पुन्हा मंगळवार आहे. मार्लिसनं मला बोलावलंय.