डिकीच्या आतलं हँडल

बर्नी ग्राबोव्स्की थापा मारतो, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याने सांगितली असती तर ही गोष्ट मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली असती.

पण ही सांगितली त्याच्या बायकोने. आणि डोलोरेस पदरचा एक शब्द घालत नाही.

ठिकाण मिशिगनमधलं वायनडॉट. दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. लेंटचा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपास चालू होता आणि शुक्रवार होता, म्हणजे चर्चमध्ये मासे तळायचा दिवस.

वेळ दुपारी तीनची.

हो, दुपारची. बाहेर लख्ख ऊन होतं. पण त्याआधी गाडीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

डोलोरेसने एकतीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात पत्रा तपासला. पातळ हातमोजा घालायचा आणि समोर येणाऱ्या प्रत्येक दारावरून तळवा फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा पोचा तिच्या हाताला कळायचा. तिचं ज्यांच्याशी पटत नाही तेही सांगतील, तिचा हात कधी चुकला नाही.

रिटायर झाल्यावर तिने सत्तर सालची मर्क्युरी सायक्लोन घेतली. दोन दारांची, लांब नाकाची, दांडग्या इंजिनची. तरुणपणी पोरं अशा गाड्या उडवायची आणि ही फुटपाथवरून बघत राहायची. आता तीच गाडी घरच्या गॅरेजमध्ये, आपल्या हाताने, आपल्या मनासारखी करायची, एवढाच तिचा हट्ट होता. बर्नी म्हणायचा, लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण एवढ्या मायेने हिने मला कधी हात लावला नाही.

गाडी मिळाली मन्रो गावाजवळ, वर्ना टॅकेट नावाच्या साठीतल्या बाईकडे. तिचे वडील वारले होते. त्यांनी ती गाडी कित्येक वर्षं शेडबाहेर काढलीच नव्हती.

व्यवहार झाल्यावर वर्नाने डिकी उघडून दाखवली. झाकणाला आतल्या बाजूने एक हँडल वेल्ड केलेलं होतं. दाराला असतं तसं, ओढलं की कुलूप उघडणारं. वेल्डिंग अगदी ओबडधोबड, घाईघाईत केलेलं.

"हे तेवढं काढू नका," वर्ना म्हणाली. "बाबांनी लावलंय."

डोलोरेसने विचारलं, डिकीत आतून हँडल कशाला?

वर्नाने डिकी लावली... अगदी हळू. कुणी झोपलेलं असावं तशी.

डोलोरेसला गाडी वरपासून खालपर्यंत गुळगुळीत हवी होती. तिने दारांची हँडलं काढली, भोकं पत्र्याने बुजवली. आतली हँडलंही काढली. दारं, काचा, डिकी, सगळं बटणावर केलं. बॅटरी पुढून उचलून डिकीत नेली.

बर्नीने एकदाच गंभीरपणे सांगितलं होतं, "अगं, आतून ओढून उघडायला एखादी केबल तरी ठेव. बॅटरी बसली तर आतला माणूस बाहेर कसा येणार?"

"लावते नंतर," ती म्हणाली. या कामात सगळेच असं म्हणतात.

आणि त्या आठवड्यात मंगळवारी तिने डिकीतलं ते हँडलही ग्राइंडरने कापलं. दोन मिनिटांचं काम. हँडल भंगाराच्या डब्यात टाकलं, कुलपावर सपाट पत्रा बसवला, स्क्रू आवळले, डिकी लावली.

ग्राइंडर थांबला.

ठक... ठक... ठक...

पत्रा निवतोय, तिला वाटलं. तापलेला पत्रा निवताना वाजतोच. पण तो आवाज हळूहळू विरळ होत जातो.

हा विरळ होत नव्हता.

तिने डिकी उघडली. आत बॅटरी होती, दुसरं काही नव्हतं. ठोकणं थांबलं होतं.

बुधवारी तिने डिकीच्या झाकणावर राखाडी प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारला. मग पॉलिश पेपर लावलेली फळी त्यावरून फिरवायची. जिथे पत्रा वर आलेला असेल तिथला काळा रंग आधी जातो. अशी उंचवट्याची जागा कळते.

आधी पाच ठिकाणचा काळा रंग गेला.

पाच लहान ठिपके. चार ओळीने, एक बाजूला.

तिने तळवा ठेवला. आतून कुणीतरी दाबलं होतं. आणि तो हात तिच्या हाताच्या निम्मा होता.

तिने हातोडीने ठिपके बसवले. गुरुवारी पुन्हा फवारा मारला.

पुन्हा पाच ठिपके... आणि बाजूला आणखी पाच.

ती घाबरली. पण बर्नीला सांगितलं असतं तर सगळ्या गल्लीत हसं झालं असतं. तिने पुन्हा हातोडी घेतली.

शुक्रवारी बर्नी मासे तळायला चर्चमध्ये गेला. बाहेर थंडी होती, म्हणून गॅरेज बंद होतं आणि रॉकेलचा हीटर चालू होता. डोलोरेस गाडीत बसली. दार नीट बसतंय का पाहायला तिने ते आतून ओढून घेतलं.

टक्. सुरेख बसलं.

तिने उघडायचं बटण दाबलं.

काहीच नाही.

सकाळपासून तेच बटण दहा वेळा चाललं होतं. काचेचं दाबलं. नाही. दुसऱ्या दाराचं दाबलं. नाही. फोन बाहेर, बाकावर. दाराला आतून धरायला काही म्हणजे काही नव्हतं. ते सगळं तिनेच काढलं होतं.

आधी तिला स्वतःचं हसू आलं. मग डोकं ठणकायला लागलं.

हीटर जळत होता. बंद गॅरेजमधली हवा खात होता. बर्नी यायला अजून चार तास होते.

ती काच तिने तीन वर्षं शोधून मिळवली होती, तरी तिने लाथ मारली. कापडी बुटांनी कुठली फुटतेय. ती ओरडली. शेजारी मी घरातच होतो, पण मला काही ऐकू आलं नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे.

राहिली बॅटरी. मागची सीट अजून बसवायची होती, मध्ये नुसता पुठ्ठा होता. तो फाडून ती डिकीत सरपटत गेली.

अंधार. गुडघे हनुवटीला. तिने बॅटरीच्या वायरी चाचपल्या.

दोन्ही घट्ट होत्या. काहीही सुटलेलं नव्हतं.

मग तिला आवाज ऐकू आला. आपलाच श्वास. भराभरा चाललेला.

तिने तो रोखून धरला...

श्वास चालूच होता.

तिने झाकणाला हात लावला. कुलपावर तिनेच आवळलेला पत्रा. मरताना माणूस करतो तसा वेडेपणा तिने केला. हँडल जिथे होतं तिथे हात नेला.

तिथे हँडल होतं.

थंडगार. ओबडधोबड वेल्डिंगचं. आणि त्यावर आधीच कुणाची तरी बोटं होती. बारीक बोटं. ती ओढत होती... पण जोर पुरत नव्हता.

डोलोरेसने त्या बोटांसकट हँडल ओढलं.

डिकी उघडली.

ती बाहेर पडली, हीटर विझवला, गॅरेज उघडलं आणि उरल्यासुरल्या बर्फात ओकली. बऱ्याच वेळाने परत आली. झाकणाची आतली बाजू सपाट होती. हँडल डब्यातच होतं, स्क्रूंच्या खाली, मंगळवारी टाकलं तसं.

तिने वर्नाला फोन लावला. झालं ते सांगितलं.

"आतून उघडलं?" वर्नाने विचारलं.

"हो."

मग, "एकटीने?"

"नाही," डोलोरेस म्हणाली.

"बाबांनी ते फार उशिरा लावलं," एवढं बोलून वर्ना रडायला लागली आणि फोन बंद झाला. पुन्हा तो कधी कुणी उचलला नाही.

शनिवारी डोलोरेसने ते हँडल वेल्ड करून परत लावलं. शेजारी आणखी एक लावलं. लहान, हलकं, कडेजवळ.

"हे कुणासाठी?" बर्नीने विचारलं.

"ज्याचा जोर पुरत नाही त्याच्यासाठी."

बर्नी त्यावर एक शब्द बोलला नाही. पुढेही कधी त्याने या गोष्टीवर विनोद केला नाही. बर्नी गप्प बसतो म्हणजे काय, ते आम्हाला कळतं.

गाडी अजून राखाडीच आहे. दारांची हँडलं परत आली आहेत. मागच्या रविवारी मी मुद्दाम डिकीत वाकून पाहिलं. मोठ्या हँडलवर धुळीचा थर होता.

लहान हँडल चकचकीत होतं. रोज हात लागत असावा तसं.

तू पुसतेस का, मी विचारलं. तिने मान हलवली. नाही.

मी डिकी लावायला हात वर केला.

"उघडीच राहू दे," डोलोरेस म्हणाली.