गोड करून सांगू नका

"मॅडम, माझं बोलणं एवढं गोड कधीपासून झालं?"

संचिता दचकून वळली. मघाशी सभेत तावातावाने बोललेला मच्छीमार तरुण दारात उभा होता – लिनो.

ठाणे खाडीतले पक्षी नि मासे वाचवायला तीन देशांचे संशोधक एकत्र आले होते. त्यांच्या मसुद्यात हिवाळाभर जाळी बंद ठेवायची शिफारस होती. कळव्याच्या मच्छीमारांशी बोलायला त्यांनी डोंबिवलीच्या संचिताला दुभाषी म्हणून घेतलं होतं.

"मी म्हटलं, आमच्या पोटावर पाय देताय. तुम्ही इंग्रजीत काय सांगितलंत? 'त्यांना थोडी काळजी वाटते'!"

"तुम्हाला... इंग्रजी येतं?"

"कॉल सेंटरला होतो ना. अख्ख्या अमेरिकेच्या शिव्या खाल्ल्यात." तो हसला. गालाला खळी पडली, आणि संचिताने उगाचच ओढणी सारखी केली.

"मग इंग्रजीतच बोलायचं!"

"शेजारी पप्पा बसलेले. त्यांना कळायला नको, त्यांचा पोरगा काय बोलतो ते?" त्याचा आवाज उतरला. "उद्या शेवटची सभा. गोड करून सांगू नका... प्लीज."

घरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दूध उतू गेलं. "लक्ष कुठंय गं?" आईने विचारलं. काय सांगणार? जपून बोल, पाहुणे दुखावतील, असं प्रकल्पाच्या साहेबांनी बजावलं होतं. पुढचं काम त्यांच्याच हातात होतं. ती नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. आपला भित्रेपणा सलतोय की ती खळी छळतेय – तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी खाडीवरून खारा वारा सुटला होता. लिनो उभा राहिला.

"कारखान्यांचं घाण पाणी खाडीत येतं, ते कोण थांबवत नाही. आणि जाळी आमची बंद? हा अन्याय आहे. नियम करताना आम्हाला सोबत बसवा. नाहीतर तुमचा नियम आम्ही मानणार नाही!"

साहेबांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. संचिता पाहुण्यांकडे वळली... आणि तिने सांगितलं. जसंच्या तसं. 'अन्याय'सुद्धा.

मुख्य संशोधक बाईंनी चष्मा काढला. "हे इतकं स्पष्ट आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. बरीच वादावादी झाली. शेवटी शिफारस बाजूला ठेवली गेली आणि नवा मसुदा मच्छीमारांसोबत बसून करायचं ठरलं. साहेब तिच्याकडे बघेनात.

लिनो पुन्हा उठला. या वेळी बाईंकडे नाही, सरळ तिच्याकडे बघत म्हणाला, "पुढच्या सभांनाही दुभाषी ह्याच हव्यात. आणि सभा नसेल तेव्हापण... भेटाल? कालपासून कशातच मन लागत नाहीये माझं."

त्याचे पप्पा मान खाली घालून हसू दाबू लागले.

"काय म्हणतायत ते?" बाईंनी विचारलं.

"पुढेही दुभाषी मीच हवी, म्हणतायत." संचिताचे कान तापले होते.

"एवढंच? बोलले तर बरंच!"

"बाकीचं माझ्यासाठी होतं," ती इंग्रजीत म्हणाली. मग लिनोकडे वळून, हळूच, मराठीत –

"माझंपण नाही लागलं रे."