ठिगळ कोणत्या कोपरावर?

फोटोचा खिळा काही केल्या निघेना, म्हणून सुतारकाका पक्कड आणायला गेले. शंका आणि तिचा मावसभाऊ टिल्लू संग्रहालयातल्या त्या फोटोसमोर येऊन उभे राहिले. सुट्टी मजेत घालवायला दोघं आजोबांकडे आली होती, आणि आल्या आल्या ही भानगड!

फोटोत आजोबांचे वडील होते, गावामागच्या डोंगराच्या सर्वांत उंच सुळक्यावर काठी टेकून उभे. तिथे पोचलेला पहिला माणूस म्हणून सगळं गाव त्यांना मानायचं. पण संग्रहालयाच्या नव्या साहेबांनी आक्षेप घेतला होता. त्या सुळक्यावर नदी उजव्या हाताला दिसते, फोटोत ती डावीकडे आहे. म्हणजे हा शेजारचा बुटका सुळका, आणि पहिलेपणाचा मान खोटा. फोटो आजच उतरवायचा होता. आजोबा बाकावर बसून होते. सकाळपासून त्यांनी चहालाही हात लावला नव्हता. शंकाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

'शंका' हे काही तिचं खरं नाव नव्हे, प्रश्न विचारून विचारून तिने ते कमावलं होतं. आताही तिची नजर फोटोवरून शेजारच्या काचेच्या पेटीकडे गेली. पेटीत पणजोबांचा फोटोतला तोच कोट ठेवलेला होता.

“टिल्लू, कोटाचं ठिगळ डाव्या कोपरावर आहे. मग फोटोत उजव्या कसं?”

“वर सुळक्यावर शिंपी बसला असेल,” टिल्लू म्हणाला. पण पेटीला नाक लावून त्यानेही खात्री करून घेतली.

शंका धावत जाऊन बाहेर थांबलेल्या मावशीच्या पर्समधला आरसा घेऊन आली आणि फोटोसमोर धरला. आरशात ठिगळ डाव्या कोपरावर गेलं, आणि नदी मुकाट्याने उजवीकडे!

हा मोठा फोटो जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून गेल्या वर्षी मामाने काढून दिला होता. त्याचा स्टुडिओ पलीकडच्याच गल्लीत. दोघांनी त्याला काचेसकट ओढत आणलं. मामाने काच खिडकीशी धरली, फिरवून पुन्हा धरली, आणि त्याचे कान लाल झाले.

“काच पालथी ठेवली मी. चित्र उलटं छापलं गेलं.”

साहेबांनी आरसा स्वतः धरून नीट पाहिलं. मग प्रांजळपणे म्हणाले, “मी नदी पाहिली, कोट पाहिलाच नाही. पोरांनो, तुम्ही मोठी चूक टाळलीत.” तेवढ्यात सुतारकाका पक्कड घेऊन आले. खिळा होता तसाच राहू द्या, असं त्यांना सांगितल्यावर ते जरा हिरमुसलेच. सुलटा फोटो संध्याकाळपर्यंत लावायचं मामाने कबूल केलं.

आजोबांनी शंकाला जवळ ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“सकाळपासून मलाही वाटत होतं गं, बाबा आमच्याशी खोटं बोलले की काय.”

मग त्यांनी नाक पुसलं आणि चहा मागितला.