धुरपदाबाईची साक्ष

मोबाईलच्या बॅटऱ्या बंद करा आधी. लाईट यायची तेव्हा येईल. आणि पियुष, तुला मधेच खिदळायचं असेल तर आताच खाली जाऊन बस, कारण ही गोष्ट तशी नाही. माझ्यासोबत कोर्टात जन्म काढलेल्या माणसाची आहे.

वैजीनाथ आमच्याकडे बेलिफ होता. बेलिफ म्हणजे समन्स, नोटिसा घरोघर नेऊन बजावणारा. गावात तुझी गाडी शिरली की लोक घरात शिरतात, असं आम्ही त्याला चिडवायचो. माणूस मात्र सरळ. दारू नाही, थापा नाहीत. देवळापुढनं जाताना हातसुद्धा जोडायचा नाही. म्हणायचा, देवावर नोटीस बजावायची वेळ आली की बघू. पुढचं सगळं अशा माणसानं मला सांगितलं, म्हणून मी खरं मानतो. तुम्ही मानायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

दोन हजार एकोणीसची येळवस, म्हणजे वावरात जाऊन पूजा-जेवण करायची ती मार्गशीर्षातली अमावस्या, होऊन गेलेली. तिच्या दुसऱ्या दिवसाची, शुक्रवारची रात्र. राणीसावरगावच्या पुढं एक खेडं आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून नांदतात तिथं. तिथल्या धुरपदाबाईला साक्षीचं समन्स द्यायचं होतं.

दावा होता शिवकन्येचा. तिची आई नर्मदा आधीच गेलेली, मागून बाप काशीनाथ गेला. बाप जाताच चुलतभावांनी घराला कुलूप घातलं. म्हणाले, तुझी आई काही लग्नाची नव्हती, ठेवलेली होती, तुझा इथं संबंध काय? आता नर्मदा होती तरणी विधवा, आणि काशीनाथनं तिच्याशी पाट लावला होता. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. तुम्हाला लग्न म्हटलं की डीजे आठवतो. पाट लागायचा रात्री, अंधारात, गावाबाहेर. वाजंत्री नाही, मांडव नाही, फोटो नाही. आणि सवाष्ण बाईनं तर तो बघायचाच नाही. बघितला तर तिचा नवरा राहत नाही, अशी समजूत. मग साक्षीदार आणायचे कुठून? पाट लावणारा जंगम गेला, सोबतची दोन-चार म्हातारी माणसं होती तीही गेली. मरताना नर्मदेनं लेकीला एवढंच सांगितलं होतं, की त्या रात्री दिवा धुरपदानं धरला होता.

शिवकन्या एकदा माझ्या टेबलापुढं उभी राहून म्हणाली, "वावर नका देऊ, घर नका देऊ. माही माय ठेवलेली न्हवती, येवढं कोर्टाच्या तोंडून निघू द्या." डोळ्यांत पाणी नव्हतं बाईच्या. तेच मला जास्त लागलं.

पण धुरपदाबाई ऐकेल तर शपथ. शिवकन्या तिच्या पाया पडून आली, तरी एकच पालुपद, मी नव्हते तिथं. वैजीनाथ दोनदा जाऊन हात हलवत परत आला. गाडीचा आवाज आला की म्हातारी मागच्या दारानं तुरीत गडप. शेवटी साहेब म्हणाले, आता सापडली नाही तर वॉरंट काढतो, पोलीस आणतील. सत्तरीला टेकलेली बाई गावादेखत जीपमध्ये घालायची, हे वैजीनाथला बरं वाटेना. म्हणून तो अंधार पडल्यावर निघाला. तेव्हा तरी घरी असेल.

कोर्ट माणसाला बोलावू शकतं, धरून आणू शकतं, पिंजऱ्यात उभं करू शकतं. तोंड उघडायला लावणं कोर्टाच्या हातात नसतं. उभ्या नोकरीत मी हेच बघितलं.

तर आठाच्या सुमाराला वैजीनाथ मोटारसायकलवर फाट्यावरनं आत वळला. थंडी मरणाची. दोन्ही अंगाला पोटऱ्यात आलेली ज्वारी. पुढं एका वळणाला एक माणूस उभा दिसला. अंगावर घोंगडं, हातात काठी. तरणाच होता, पंचविशीच्या आतबाहेर. त्यानं हात केला नाही, नुसता बघत उभा राहिला. आपल्याकडं अंधारात माणूस सोडून कोणी पुढं जात नाही. वैजीनाथनं गाडी थांबवली, गडी मागं बसला. बसला, पण गाडी दबली नाही. हे वैजीनाथच्या ध्यानात नंतर आलं.

थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला, "धुरपदाकडं निघालास?"

वैजीनाथला राग आला. आजीच्या वयाच्या बाईला हे पोरगं अरेतुरे करतंय. तो तुटकपणे म्हणाला, हो, समन्स आहे.

"न्हाई यायची ती."

"का?"

  नुसता गाडीचा आवाज... मग गडी म्हणाला,

"तिला सांग, त्या रातीला मी जागा व्हतो."

"कोणत्या रातीला?"

"मायनं दाराला कडी घातली व्हती. मी उठून काढली. तिला माघारी यायचं व्हतं."

वैजीनाथला काही उमगेना. पाठीला गारवा लागत होता. वाऱ्याचा नाही. ओलं पोतं टेकावं तसा.

"आन् सांग. मला पान लागलं ते जागलीला. तिच्या दिव्यानं न्हाई."

पान लागलं म्हणजे साप चावला. रात्री त्याचं नाव घेत नाहीत, म्हणून तसं म्हणतात. आणि जागल म्हणजे रात्रीची पिकाची राखण. वैजीनाथला वाटलं, याला दवाखान्यात न्यायला पाहिजे. त्यानं विचारलं, "कधी लागलं?"

वैजीनाथनं गाडी हळू केली.

"अरे, कधी?"

...

त्यानं गाडी थांबवली. वळून बघितलं. सीट रिकामी. रस्ता रिकामा. ज्वारी जागची हलत नव्हती.

तिथून गावात कसा पोचला, ते त्याला आठवत नाही. धुरपदाबाई चुलीपुढं बसून भाकरी टाकत होती, अंधारात तुरीत पळणार कुठं. घरात ती एकटीच. सून आईच्या आजारपणाला माहेरी गेलेली, लेक रामप्रसाद रात्रीच्या लाईटीवर पाणी द्यायला वावरात. समन्स बघताच तिनं मान फिरवली. "मी न्हवते तिथं. मला कायबी ठाव न्हाई." वैजीनाथनं समन्स बाजूला ठेवलं. रस्त्यातला निरोप त्यानं जसाच्या तसा सांगितला. कडीचा, जागलीचा, दिव्याचा.

तव्यावर भाकरी जळाली. तिनं काढली नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नर्मदा तिची जिवाची मैत्रीण. पाटाच्या रात्री दिवा धरायला एक बाई तयार होईना. बाप्यांच्या घोळक्यात अंधारात एकटीनं कसं उभं राहू म्हणून ती पोर रडत होती. धुरपदा तेव्हा सवाष्ण, रामप्रसाद पदराखाली पीत होता. घर झोपल्यावर ती गुपचूप गेली, दिवा धरला, पाट लागू दिला. माघारी येताना जिवात जीव नव्हता. सासूला रात्री उठून कडी बघायची सवय होती. पण दार उघडं मिळालं. सासू विसरली, असंच धुरपदा धरून चालली. आणि महिन्याच्या आत तिचा नवरा बन्सीधर ज्वारीच्या जागलीला गेला, तो खाटेवर घालूनच घरी आणला.

लोक म्हणाले, पान लागलं. धुरपदा मनात म्हणाली, मी खाल्ला माझा नवरा. तेव्हापासून बाई तेच समजत आली. कोर्टात जाऊन दिवा धरला म्हणायचं, म्हणजे पोटच्या लेकासमोर म्हणायचं की तुझा बाप माझ्यामुळं गेला. म्हणून जीभ उचलत नव्हती तिची. आणि दार उघडं मिळाल्याचं तर तिनं ह्या जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं.

वैजीनाथ म्हणतो, ती लगेच रडली नाही. आधी विचारलं, दिसायला कसा होता. त्यानं सांगितलं. घोंगडं, काठी, पंचविशीच्या आतबाहेर.

"तरणाच हाय आजून?" ती म्हणाली.

तिनं पदर पुढं ओढला.

"मी तर म्हातारी झाले, बाबा. वळखू यीन का मी त्येनंला?"

मग मात्र रडली. समन्स मुकाट घेतलं.

जानेवारीत तारीख लागली. रामप्रसादनंच मायला आणलं. ती काय सांगणार, त्याला पत्ता नव्हता. मी समोरच बसलेलो. शपथ घेऊन बाई स्पष्ट बोलली. दिवा मी धरला, नर्मदाचा पाट माझ्या डोळ्यांदेखत लागला. शिवकन्या भिंतीला टेकून उभी होती, ती तिथंच खाली बसली. मग चुलतभावांचा वकील उठला. हुशार माणूस. त्याला दाखवायचं होतं, की अशी समजूत असताना कोणती सवाष्ण जाईल? म्हणजे बाई खोटं बोलते. त्यानं गोड आवाजात विचारलं, मग तुमचे मालक कधी वारले? ती म्हणाली, महिन्याच्या आत.  वकिलाकडं न बघता ती लेकाकडं बघत म्हणाली, "गेले व्हते मी. त्येनंला ठाव व्हतं. दार त्येनीच उघडं ठिवलं व्हतं."

तुम्हाला कसं कळलं, असं वकिलानं विचारलं. ती लेकाकडंच बघत राहिली. वैजीनाथ दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली. रामप्रसाद उठला आणि निघून गेला.

म्हातारीला एसटीनं गावी नेलं ते शिवकन्येनं. वाटभर तिचा हात सोडला नाही म्हणे. पुढं निकालही शिवकन्येसारखा लागला. नर्मदा काशीनाथची बायको होती, असं कोर्टाच्या तोंडून निघालं. पण ते ऐकायला धुरपदाबाई नव्हती.

साक्षीच्या रात्री रामप्रसाद उशिरा घरी आला. मायनं ताट वाढलं, तो जेवला नाही. अंगणात बाज टाकून पाठ करून पडला. ती दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली,

"रामप्रसाद..."

एवढंच. त्यानं ऐकलं. जागा होता. बोलला नाही. ती आत गेली, दार लावून घेतलं.

नंतर तो वैजीनाथपुढं लहान लेकरासारखा रडला. म्हणाला, मध्यरात्रीपर्यंत राग होता, मग राग गेला. एवढं ओझं घेऊन माय एकटी जगली, ह्याचंच वाईट वाटायला लागलं. वाटलं, सकाळी जवळ बसतो, म्हणतो, माय, तुहं काय बी चुकलं न्हाई. सकाळी म्हणू... पोरांनो, माणूस असाच सकाळवर ढकलतो.

सकाळी त्यानं दार वाजवलं. हाका मारल्या. दार उघडेना. मागचंही आतून लावलेलं. शेवटी पत्रा सरकवून आत उतरला. माय अंथरुणात होती. कुशीवर. गार.

वैजीनाथ पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आंघोळ घालायला शिवकन्या पुढं झाली. तिनं तोंडावरचा पदर बाजूला केला, आणि तिचा हात तिथंच राहिला.

कपाळावर कुंकू होतं. ओलं.

सून माहेरी. दुसरी बाई घरात नव्हती. दोन्ही दारांना आतून कडी. आणि बायका कुंकू लावतात ते बोटाच्या टोकानं, गोल. हे तसं नव्हतं. अंगठ्यानं लावलेलं होतं... गड्याच्या अंगठ्यानं. रुंद, आणि जरासं वाकडं.

एका म्हातारीनं पुसायला हात पुढं केला. शिवकन्येनं पुसू दिलं नाही.