शेवटचा टाका घेणारीचा

घरामागे चार हात मोकळी जागा असते, तिला सुरतेच्या नवागामात वाडो म्हणतात. आमच्या वाडोत बावीस वर्षं एक मोडका कूलर, पाण्याची दोन पिंपं आणि गजेंद्रची ‘उद्या करतो’ म्हणून ठेवलेली कामं पडून होती. गजेंद्र म्हणजे माझा नवरा. लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेले, म्हणून घरात उषाबाईचंच चालतं, असं गल्लीतले लोक म्हणतात. कान शाबूत होते तेव्हाही माझंच चालायचं.

गेल्या दिवाळीनंतर मी कूलर भंगारवाल्याला दिला, वर पत्रा टाकून घेतला, चार विटांवर जुनं दार आडवं ठेवून टेबल केलं. मार्केटमधून साड्यांची रिकामी खोकी आणून भिंतीला लावली. एकात लोकर, एकात मणी, एकात लेस, दोनांत चिंध्या. कोपऱ्यात नातीचा पाळणा टांगला. गजेंद्र दारात उभा राहून म्हणाला, “कारखाना काढला का?” म्हटलं, “हो. पण तुला नोकरी नाही.” त्याला ऐकू आलं नाही, पण तो हसला.

नातीचं नाव चिमी, दहा महिन्यांची. माझी मुलगी चंचल इच्छापोरला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. सकाळी सातची गाडी, संध्याकाळी साडेसहाला परत. सासर कामरेजला; जावई प्रशांत तिथंच. तिथून रोजचं जाणं-येणं जमण्यासारखं नाही, म्हणून आठवडाभर दोघी माझ्याकडे. सासूनं एकच अट घातली होती : पोर आजीकडे राहिली तर नोकरी, नाहीतर दोघींनी मुकाट कामरेजला यायचं. चिमी राहत होती. दुसऱ्या कुणाच्या हातानं ती झोपायची नाही, माझ्या चार थापट्यांत झोपायची. सुरतेत माझ्या मालकीचं असं एवढंच होतं, बाकी सगळं भाड्याचं.

अदलाबदलीची कल्पना पूजाची. पूजा समोरच्या घरातली, तेवीस वर्षांची, मोबाइलवर बघून कागदाची फुलं करणारी. “मासी, हातानं बनावेलं हातानं बनावेल्याशी बदलायचं. पैसा नहीं. मजा आवशे!” रविवारी दुपारी आम्ही वाडोत बसू लागलो. मजा आली खरी. बायका आपल्या हातचं काय देतात आणि दुसरीच्या हातचं काय उचलतात, हे बघितलं की त्यांच्या सात पिढ्या कळतात. पूजा दहा फुलं आणायची आणि जी मागेल तिला द्यायची, अशी मुलगी संसारात बुडणार हे नक्की. बुलढाण्याकडची इंदुबाई मण्यांची तोरणं करायची. आणायची वीतभर, उचलायची हातभर, आणि वर म्हणायची, “राहू दे वं, मी काय हावरी आहे?” धुरपदाबाई परभणीकडची, वयानं सगळ्यांत मोठी. ती गोधड्या शिवायची. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकासारखा एक. ती यायची, पण गोधडी कधी बदलायची नाही. नुसती बसून शिवायची आणि चहा प्यायची. हेही मी लक्षात ठेवलं होतं.

नियम मात्र माझा. एकदा इंदुबाईनं दिलेलं तोरण तिसऱ्या दिवशी परत मागितलं. म्हणे पाहुणे येणार आहेत. मी म्हटलं, असं चालणार नाही. यापुढे देणारीनं शेवटचा टाका उघडा ठेवायचा, सुई लटकत ठेवायची. घेणारीनं सगळ्यांसमोर तो टाका घालायचा, गाठ मारायची. मग वस्तू तिची. परत मागायला तोंड उरत नाही.

सगळ्यांना पटलं. धुरपदाबाई तेवढी म्हणाली, “आमच्याकडं शेवटचा टाका जिचा तिनंच घालायचा असतो.”

“कामून?” मी तिच्याच बोलीत विचारलं. बायका हसल्या.

“कामून ते कुणी सांगितलं नाही. घालायचा असतो.”

पहिल्यांदा मला जाणवलं ते पूजाच्या बाबतीत. इंदुबाईच्या तोरणाला तिनं शेवटचा टाका घातला आणि पुढच्या रविवारी स्वतः केलेलं तोरण घेऊन आली. आयुष्यात मणी ओवला नव्हता त्या पोरीनं. तोरण सुरेख होतं. पण इंदुबाईची एक खोड होती. हिरव्या मण्यांनंतर ती नेहमी एक मणी उलटा ओवायची. पूजाच्या तोरणातही प्रत्येक हिरव्यानंतरचा मणी उलटा होता.

“नक्कल करतेस काय वं?” इंदुबाई म्हणाली.

“नहीं मासी. हात आपोआप चालला.”

त्या दिवशी इंदुबाईनं सुईत दोरा ओवला आणि तशीच बसून राहिली. पहिली गाठ कशी मारायची ते तिला आठवेना. “वय झालं माह्यं,” म्हणाली. आम्ही चिडवलं तिला. पुढच्या आठवड्यात पूजाची आई कौतुकानं सांगत होती, पोरीच्या भाकरी एकदम गोल व्हायला लागल्या. आणि इंदुबाईच्या घरून त्याच आठवड्यात वडापाव मागवला जात होता. मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. कुणाला बोलले नाही.

मी देवभोळी नाही. पण डोळ्यांसमोर दिसणारं नाकारण्याइतकी शहाणीही नाही. मला वाटलं, टाक्याबरोबर हातच जात असेल तर आपण काय घ्यावं? उत्तर समोरच बसलं होतं. धुरपदाबाईचा हात. आणि द्यावं काय? जे गेलं तरी चालेल ते. माझ्याकडे एक लोकरीची टोपी होती, पाळण्याजवळ बसून विणलेली. दोन टाके विणायचे, चार थापट्या द्यायच्या. पुन्हा दोन टाके, चार थापट्या. टोपी विणायचं कसब गेलं तर काय मोठं? सुरतेत थंडी पडते ती पंधरा दिवस.

त्या रविवारी मी धुरपदाबाईला सगळ्यांदेखत धरलं. “बाई, सगळ्या देतात, तुम्ही नुसत्या चहा पिता. आमच्यातल्या नाही का तुम्ही?”

तिच्या मांडीवर लहान मुलाच्या मापाची गोधडी होती, जुन्या पांढऱ्या लुगड्याची. एकच टाका राहिला होता. तिनं सुई बोटांत आवळली.

“उषाबाई, माझ्या हाताला लई घरी बोलावत्यात. त्याला सगळीकडची सवय हाय. घेऊ नको.”

मला वाटलं, मिरवतेय. मी सुई तिच्या बोटांतून काढून घेतली, टाका घातला, गाठ मारली. मग टोपी तिच्या हातात दिली. तिनं टोपीचा राहिलेला टाका माझ्याकडे न बघता घातला.

सोमवारी सकाळी मी चिंधी हातात घेतली आणि सुई चालायला लागली. तांदळाचे दाणे. दुपारपर्यंत हातभर शिवून झालं. बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या, संध्याकाळी त्याही थांबल्या. सुई टोचली तरी कळेना. दवाखान्यातल्या डॉक्टरनं शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या.

चिमी त्या दिवशी झोपली नाही.

मंगळवारीही नाही. मी थापटायला हात ठेवला की तो पाठीवर पडून राहायचा, जड आणि सपाट. उचलला जात नव्हता असं नाही. उचलल्यावर पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. मग तो आपणहून तिच्या कपाळावर जायचा. कपाळावरून खाली, पापण्यांवरून, हळू. चिमी किंचाळायची. हात तिचे दंड धरून अंगालगत सरळ करायचा. पाय सरळ करायचा. मी मागे घेतला की यायचा मागे, पण जरा उशिरानं.

बुधवारी चंचल आली तेव्हा चिमी रडून रडून निळी पडली होती.

“माय, काय व्हयनं तिले?”

“दात येत असतील.”

“पहिलेबी दात येत व्हतात. तव्हय तर जपे.” आमच्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं.

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पोटची पोर, माझ्यासारखीच. काही विसरत नाही. गुरुवारी तिनं कामरेजला फोन केला. सासू म्हणाली, रविवारी प्रशांत येईल, सामान बांधून ठेव, नोकरीला सांगून टाक. चंचलनं फोन ठेवला आणि पाठमोरी होऊन दुसऱ्या दिवशीचा डबा धुवायला लागली.

शुक्रवारी दुपारी मी चिमीला कडेवर घेऊन धुरपदाबाईकडे गेले. पोर सगळी गल्ली गोळा करत होती. धुरपदाबाईनं तिला मांडीवर घेतलं. चार थापट्या. दोन टाक्यांइतकी थांबली, मग पुन्हा चार. चिमी झोपली.

माझाच हात होता तो. तिच्या मनगटाला लावलेला.

“परत घ्या बाई,” मी म्हटलं. “टाका उसवते मी.”

“उसव.”

गोधडी मी सोबत नेली होती. दारातल्या उजेडात पसरून कडेनं शोधत गेले. सगळे टाके एकासारखे एक. माझा कुठला, तिचा कुठला, कळेना. तिनंही टोपी उलटीपालटी करून बघितली. मग खाली ठेवली.

“आता कशाला उसवू, उषाबाई?” ती म्हणाली. तिचा चेहरा मी इतकी वर्षं बघतेय. तो इतका निवांत कधी नव्हता. ती चिमीच्या जावळातून बोटं फिरवत होती, आणि मला उठावंसं वाटत होतं, आणि वाटत नव्हतंही.

परतताना पूजा भेटली. माझ्या खांद्यावर गोधडीत गुंडाळून झोपलेली चिमी बघून हळू आवाजात म्हणाली, “मासी, सांभळ्युं, ऐकलं का? चौथ्या गल्लीतली म्हातारी वारली. धुरपदामासीला बोलावलं. तीस वर्षांपासून आपल्या बायकांची शेवटची आंघोळ तीच घालते ना, नेसवते, बांधते. काल मासी तिथं गेली आणि नुसती उभी राहिली. हातच चालेना तिचा. शेवटी घरच्यांनीच कसंतरी केलं.”

“अच्छा,” मी म्हटलं.

घरी आले. चिमीला पाळण्यात ठेवलं. गोधडी सोडवताना माझा हात लागताच ती जागी झाली आणि ओरडायला लागली.

शनिवार चंचलचा कामाचा शेवटचा दिवस. साहेबाला सांगून येते, म्हणाली. मी अख्खी सकाळ चिमीला हात न लावता घालवली. पाळणा दोरीनं ओढला. गाणं म्हटलं. गजेंद्रनं खुळखुळा वाजवून दाखवला. त्याला रडणं ऐकू येत नव्हतं, तोंड मात्र दिसत होतं. शेवटी तोही बाहेर जाऊन बसला.

चार वाजले असतील. मी दमले होते. जुन्या दाराच्या त्या टेबलावर डोकं टेकलं, एवढं आठवतं. हात मांडीवर होते.

डोकं वर केलं तेव्हा वाडोत शांत होतं.

चिमी पाळण्यात होती. अंगावर पांढरी गोधडी, गळ्यापर्यंत, चारही बाजूंनी नीट खोचलेली. डोळे मिटलेले. श्वास चालू होता. मी वाकून बघितलं, दोनदा बघितलं. झोपली होती. माझ्याकडे झोपली होती.

मला हसू आलं. आता प्रशांत आला तरी चंचल त्याला म्हणेल, राहते पोर.

साडेसहाला चंचल आली. चपला दारात काढून पंजांवर चालत पाळण्यापाशी आली.

“जपी गई?”

“केव्हाची.”

“तुना हातवर?”

“मग कुणाच्या?”

तिच्या खांद्यावरची पिशवी खाली उतरली. सहा दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. तिनं पाळण्यावर वाकून गोधडीची एक कड उचलली, पोरीचे पाय बघायला. आईला बघावेसे वाटतात.

ती तशीच वाकून राहिली.

“माय.”

मी जवळ गेले.

चिमीचे दोन्ही पाय सरळ, एकमेकांना लावून ठेवले होते. पायांचे अंगठे पांढऱ्या दोऱ्यानं एकत्र बांधले होते. तीन वेढे. गाठ बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी.

चिमी जागी होती. आमच्याकडे बघत होती. रडत नव्हती.

“हाई कोनी बांधं?” चंचलनं विचारलं.

मी बोलायला तोंड उघडलं, आणि जिभेवर काहीतरी लागलं. बोटांना नाही कळलं, पण जिभेला कळलं. दातानं तोडलेल्या दोऱ्याचं टोक होतं, अजून ओलं.