वाघोलीचं कच्चं दूध

“कच्चं दूध? बाई, कच्चं-पिकलं आंब्याच्या दुकानात विचारतात.”

कसबा पेठेतल्या डेअरीवाल्यानं निकिताला असं वाटेला लावलं, तसा मागे उभा असलेला तरुण फिसकन हसला. गळ्यात सॉफ्टवेअर कंपनीचं ओळखपत्र, हातात हेल्मेट.

“तुम्हाला हसायला काय झालं?”

“आमच्या वाघोलीच्या घरी दोन म्हशी आहेत. पिकलेलं दूध एकही देत नाही.”

“मग इथे कशाला आलात?”

“श्रीखंडाला. आईला म्हशी जमतात, श्रीखंड नाही.”

तो पृथ्वीराज. निकितानं त्याला सांगितलं – दुधातली काही प्रथिनं जंतूंना रोखतात, पण दूध उकळलं की त्यांची ती ताकद जाते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात तिला हेच दाखवायचं होतं. जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत कच्च्या दुधातल्या प्रथिनांभोवती स्वच्छ गोल पडायला हवा, उकळलेल्याभोवती नाही. आणि पिशवीतलं दूध तर आधीच तापवलेलं.

“हिंजवडीला मी विद्यापीठावरूनच जातो,” तो म्हणाला. “उद्यापासून आणतो.”

रोज सकाळी तो किटली घेऊन विभागाच्या दारात हजर. पाच मिनिटांच्या गप्पा अर्ध्या तासावर गेल्या. बशीत मात्र गोल काही पडेना. शुक्रवारी सादरीकरण होतं, आणि मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं – गोल नाही, तर प्रकल्प पुन्हा पहिल्यापासून.

“रोज येता यावं म्हणून तुम्हीच दुधात काही करत नाही ना?” तिनं डोळे बारीक करून विचारलं.

“देवाशपथ नाही! म्हणजे... यावंसं वाटतं, ते वेगळं—”

रविवारी ती त्याच्या गाडीवर मागे बसून थेट वाघोलीला गेली. त्याची आई, तुळजाबाई, धार काढून आली आणि तिनं पातेलं सरळ गॅसवर चढवलं.

“आई! हे काय?”

“काय म्हंजी? रोजच उकळती. तूच घोकत हुतास न्हवं – दूध नासलं तर ती पुन्हा बोलायची न्हाय म्हणून? वाटंत नासू नये, म्हणून चांगलं खळखळ उकळून देती.” तुळजाबाईनं निकिताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “हीच का ती? बरी हाय की.”

पृथ्वीराजचे कान लाल झाले. निकिता भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाबा गेल्यापासून वर्षभरात ती अशी हसली नव्हती.

दुसऱ्या म्हशीचं दूध तसंच कच्चं, बर्फात ठेवून विद्यापीठात पोचलं.

शुक्रवारी ती पायऱ्या उतरून विभागाच्या गेटवर गाडीवर बसलेल्या पृथ्वीराजकडे आली, ती चिकटपट्टीनं बंद केलेली बशी उजेडात धरूनच. “बघ! हे कच्च्याचं – केवढा लख्ख गोल! आणि हे उकळलेलं, इथे काहीच नाही.”

“दिसतंय,” तो म्हणाला. बशीकडे त्यानं पाहिलंच नव्हतं. “म्हणजे उद्यापासून दूध नको.”

“नको.”

त्यानं हेल्मेट घातलं. पुन्हा काढलं. “मग मी... काय निमित्त काढून येऊ?”

“निमित्त कशाला? तू नुसता ये. मला तू आवडतोस, पृथ्वीराज.”

इतके दिवस तोंडाला खळ नसलेल्या पृथ्वीराजनं हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलं. मग त्यानं हळूच तिचा हात हातात घेतला. मागे गाड्यांची रांग लागली. गेटवरचा वॉचमन केबिनमधूनच ओरडला,

“साहेब, रस्ता मोकळा करा! संसार पुढच्या गेटवर थाटा!”